विहिरीत निघालेला दगड

वाशीमहून निघालेली एसटी कनेरगाव नाक्यावर थांबली. ढाब्यावर पिठलं-भाकरी खाताना मोबाइलवरचा फोटो मी पुन्हा मोठा करून पाहिला. काळपट हिरवा दगड, त्यात डाळिंबी दाणे, वर शेंदूर. औंढ्याजवळच्या एका खेड्यात अर्धवट खणलेल्या विहिरीत तो निघाला म्हणे. देव निघाला म्हणून खोदकाम थांबलं होतं. मी भूशास्त्र शिकवतो. या जिल्ह्यात कुठंही खणा, लाव्ह्याचा काळा पाषाणच लागतो. हा दगड इथला नव्हेच.

औंढ्याला दिगंबरराव मोटारसायकल घेऊन उभे होते. फोटो त्यांनीच पाठवला होता. वाटेत सारखं विचारत होते, "लई दुर्मिळ असंल ना, सर?" माणूस देवळाच्या बेतात आहे, असं मी धरून चाललो.

विहिरीच्या काठावर त्यांची भावजय कौसल्याबाई बसल्या होत्या. मी दगडाला भिंग लावलं.

"समुद्रतळाचा तापलेला थर दुसऱ्या थरावर चढला की त्याच्याखाली हा दगड तयार होतो," मी सांगितलं. "भाकरीवर तापलेला तवा पालथा घालावा तसं. वरची बाजू जास्त भाजते, खालची कमी. पुढं डोंगर उचलले गेले की उघडा पडतो. लडाखात मी पाहिलाय. इथं कुणीतरी आणून टाकलाय."

बोलताना नजर दिगंबररावांवर होती.

"माझ्याकडं काहून पाहून राहिले?" ते तडकले. "मला पाणी पाह्यजे. देव घेऊन काय करू?"

"मी ठेवला," कौसल्याबाई म्हणाल्या. "आमच्या मालकांनी आणला व्हता, लेहला फौजेत असताना. पेटीत व्हता."

"वयनी, तुमी?"

"विहिरीची दरड सुटून राहिली म्हणलं, तर तुमी हसले. खाली माझं पोरगं उतरतंय. म्हणलं, माझं न्हाई तर देवाचं तरी ऐकाल."

तोवर मी विहिरीत डोकावलोही नव्हतो. आता वाकून पाहिलं, तर मुरमाच्या थरात हात जाईल एवढी भेग होती, आणि खालची बाजू पोटासारखी पुढं आली होती.

निघताना थांब्यावर माणसं जमली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "सायेब, देव खरा का?"

"लई लांबून आलाय," मी म्हणालो. "विहीर बांधून काढल्याशिवाय कुणी खाली उतरू नका."

"बराबर," दिगंबरराव माझ्याकडं न बघता म्हणाले.

परतल्यावर कॉलेजात दगडाचं तेवढं सांगितलं. दिगंबररावांवर घेतलेला आळ आणि देवाआडून दिलेला सल्ला, दोन्ही गिळलं. आता विहीर बांधून झाली, दगड पेटीत गेला, आणि कौसल्याबाई "लिहा" म्हणाल्या, म्हणून लिहितो. एवढ्या लांब शंका घ्यायला गेलो, आणि जिच्यावर घ्यायची ती दरड मी आधी पाहिलीच नव्हती.