हरळीची काडी

आई गेल्यानंतर आज पहिल्यांदाच ऑफिसला आलो. आत जायचा धीर होईना, म्हणून अंगणातल्या बाकावर बसून राहिलो. समोर गणपतकाका प्लॅस्टिकच्या हिरवळीवर ब्रश फिरवून दबलेली पाती उभी करत होते. पूर्वी इथल्या खऱ्या लॉनचे ते माळी होते. मधेच ते वाकले. दोन पट्ट्यांच्या जोडातून हरळीची एक काडी वर आली होती.

"राहू द्या की, काका."

"नको, साहेब. खरी एक काडी दिसली, की बाकीचं सगळं खोटं दिसायला लागतं."

जन्मभर गवत जगवलेल्या बोटांनी त्यांनी ती मुळासकट उपटली, वरून ब्रश फिरवला. जागासुद्धा ओळखू येईना.

आत शिरताच कोणीतरी सवयीने विचारलं, "काय, कसं काय?"

"मजेत," मी म्हणालो.