खरं जिनसेंग

वस्तू आधी तळहातावर घ्यायची, अंगठ्यानं चुरायची, नाकाशी न्यायची आणि मग दुकानदाराकडे चष्म्यावरून बघत म्हणायचं, “बघू, अजून दोन ठिकाणी विचारतो.” आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचं हे ठरलेलं. हिंग असो की कुकरची रिंग, पहिल्या दुकानातून त्यांनी कधी काही घेतलं नाही. मांजलपूरच्या बाजारात ते दिसले की किराणावाला आधीच हात जोडायचा. “काका, लेवानुं छे के जोवानुं?”

“पहेलां जोवानुं,” म्हणजे आधी बघायचं, असं सांगून काका पुढच्या दुकानाकडे वळायचे.

असा माणूस तुमच्याही आसपास असेल. त्याच्याबरोबर बाजारात जाऊ नये, एवढंच मी सांगेन. मी एकदा कोथिंबीर आणायला गेले होते आणि ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागली.

काकूंच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदलला आणि काकांची सगळी चौकशी त्या एका जिवाभोवती फिरू लागली. ऑपरेशन नीट झालं होतं. नव्या व्हॉल्व्हवर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची लागली. रक्त हवं तेवढंच पातळ आहे ना, हे बघायला दर महिन्याला तपासणी. पण अंगात शक्ती म्हणून येईना. मटार सोलता सोलता काकू भिंतीला टेकायच्या आणि काका समोर बसून बघत राहायचे. भांडणारी बायको भांडेनाशी झाली की माणूस किती घाबरतो, ते मी तेव्हा पाहिलं.

बागेत फिरायला येणाऱ्या कुणीतरी जिनसेंगचं नाव काढलं. परदेशी मूळ, आजारी माणसाला उभं करतं, वगैरे. झालं. काकांच्या बाल्कनीत बशा मांडल्या गेल्या. एक बाटली औषधांच्या दुकानातली, एक मोबाइलवरून मागवलेली, एक जिमच्या खाली पावडरी विकणाऱ्याची. तिच्यावर दंड फुगवलेल्या तरुणाचं चित्र होतं, ते पाहून काकूंनी पदर तोंडाला लावला. कॅप्सूल उघडायची, पूड बशीत, वर पाणी, मग वास, मग जीभ. जिन्यातून मला हाक यायची, “ताई, जरा चाखून सांगा.”

“काका, मला काय कळतंय त्यातलं?”

“कडू लागतंय?”

“लागतंय की.”

“कडू कारलंही असतं. मागून गोड आलं पाहिजे.”

मागून गोड काही येईना. मोबाइलवाल्या कंपनीला फोन लावून त्यांनी मूळ किती वर्षांचं आहे ते विचारलं. पलीकडची मुलगी म्हणाली, “सर, एक्सपायरी डेट बोतल पर लिखी है.” काकांनी फोन आपटला. “तांदळाचं पीठ भरून विकतात लेकाचे!”

काकांची ही पारख चालू असताना प्रत्येक बाटली थोडे दिवस काकूंनाही मिळायची. “बरं वाटतंय हो,” त्या म्हणायच्या, आणि वाटत नाहीये हे चेहऱ्यावर दिसायचं. रक्ताचा रिपोर्ट मात्र त्या काळात जिथल्या तिथे होता.

मग छाणीच्या एका जडीबुटीवाल्याकडे त्यांना अख्खं मूळ मिळालं. नातवंडांची बाळगुटी उगाळायची सहाण त्यांनी माळ्यावरून काढली, मूळ पाण्यात उगाळलं, बोटानं चाटलं आणि डोळे मिटून बसले. “आलं,” म्हणाले. “मागून गोड आलं.” त्या दुकानदाराचं त्यांनी चारचौघांत कौतुक केलं, तेव्हा सोसायटीत कुणाचा विश्वास बसेना.

रोज सकाळी दुधातून सहाणेवरचा एक वेढा, मग दोन. बाळाची गुटी वाढवतात तसंच. आणि काकू खरंच उभ्या राहिल्या. एके दिवशी जिना चढून वर आल्या, हातात सुरळीच्या वड्यांची वाटी. “यांनी मला शेवटी उभं केलं बाई,” म्हणाल्या. मागे जिन्यात काका उभे होते. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच महिन्यात रिपोर्ट बिघडला. रक्त दाट व्हायला लागलं होतं. डॉक्टरांनी गोळी वाढवली, पालेभाज्या जास्त खाता का विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का तेही विचारलं. “छे,” काका म्हणाले. गुटीसारखं उगाळून दिलेलं मूळ त्यांच्या लेखी औषध नव्हतंच. घरी येऊन त्यांनी पालक बंद केला आणि लॅबवर संशय घेतला. मीच त्यांना स्कूटरवरून दुसऱ्या लॅबमध्ये नेलं. तिथला आकडा आणखी वाईट निघाला. परत येताना ते मागे बसले होते. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात घट्ट होत गेला.

“होईल नीट, काका,” सिग्नलला मी म्हटलं.

“हो. अशक्तपणाच असणार. उद्यापासून एक वेढा वाढवतो.”

त्या आठवड्यातच एका दुपारी खालून कपबशी फुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काकांची हाक. काकू खुर्चीत कलंडल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. काहीतरी सांगत होत्या, पण शब्द होत नव्हते. रिक्षात काका त्यांचा उजवा हात चोळत होते आणि तो परत परत मांडीवरून घसरत होता.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “गोळ्यांशिवाय आणखी काही पोटात जातं का? काढा, चूर्ण, काहीही?”

कॉटवरून काकूंनी मान हलवली. नाही. मग डावा हात उचलून पुन्हा, नाही. त्यांना सगळं समजत होतं. त्या अवस्थेत त्या नवऱ्याला पाठीशी घालत होत्या. बाईंनी लिहायला पेन टेकवलं. बोला ना काका, मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला.

“देतो,” काका म्हणाले. “जिनसेंग देतो. एकदम खरं. चार ठिकाणी तपासून घेतलंय.”

बाईंचं पेन थांबलं. “त्या गोळीचा जोर अशा मुळानं कमी होऊ शकतो, काका. सांगितलंत ते बरं केलंत.” त्या नर्सला सूचना द्यायला वळल्या.

“नकली असतं तर?” काकांनी विचारलं.

बाई मागे वळल्या. “मग बहुतेक काही झालं नसतं.”

काकांनी मान डोलावली आणि ते भिंतीला हात लावून उभे राहिले. मला त्यांचा राग यायला हवा होता. नाही आला, रडू आलं.

काकू वाचल्या. शब्द अडखळत परतले, हात अजून पुरता उठत नव्हता. एका दुपारी मी आमटी घेऊन खाली गेले, तेव्हा काका त्यांना भात भरवत होते. तेवढ्यात मोबाइल वाजला. काकांचे हात खरकटे, म्हणून मी स्पीकर लावून दिला. छाणीचा दुकानदार नवा माल आल्याचं सांगत होता.

“काका, नवो माल आव्यो छे. पहेलां जेवो ज, असल!”

आता त्याची खैर नाही, असं वाटलं.

“तारो माल साचो छे, भाई,” काकांनी मालाला खरेपणाची पावती दिली. “एमां खोट नथी.” घरात कुणी रक्त पातळ करायची गोळी घेतं का, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारून मगच मूळ देत जा, असं त्यांनी त्याला गुजरातीत सावकाश समजावून सांगितलं.

पलीकडे तो हसला. “एवुं कोण पूछे, काका?”

भाताचा घास काकूंच्या तोंडापाशी तसाच थांबला होता. काकू त्यांच्याकडे बघत होत्या.

“तुं पूछ,” काका म्हणाले, आणि थांबलेला घास त्यांनी काकूंना भरवला.