रोझरीतला इअरफोन

आमच्या सुनेचं नाव टिफनी. बाळंतपणानंतर तिने मुंबईची नोकरी सोडली आणि होळी गावातल्या आमच्या घरूनच काम सुरू केलं. लंडनच्या एका डॉक्टरांच्या भेटी ठरवायच्या, त्यांच्या ईमेलना उत्तरं द्यायची. ते तिचं पहिलंच गिऱ्हाईक, आणि महिनाभर काम बघून मगच पक्कं करणार होतं. त्यांचा फोन नेमका संध्याकाळच्या रोझरीच्या, म्हणजे घरच्या जपमाळेच्या प्रार्थनेच्या वेळी यायचा.

ती आमच्यासोबत गुडघे टेकायची, पण मोकळ्या केसांआड एका कानात इअरफोन असायचा. मला दिसायचं. बोलायचं धाडस झालं नाही.

एका संध्याकाळी सगळे प्रार्थनेचं उत्तर म्हणत असताना ती मध्येच म्हणाली, "येस डॉक्टर, नोटेड."

प्रार्थना सांगणारी माझी बायको इझाबेल थांबली. "हा नोटेड कोणता संत गं बाय?"

टिफनी रडायलाच लागली. "मम्मी, फोन नसता घेतला तर काम गेलं असतं."

"मग आधी सांगायचंस! रोझरी अर्धा तास उशिरा केली असती."

आता रोझरी उशिरा होते. टिफनीचं कामही टिकलं. पण प्रार्थनेला येताना ती केस घट्ट मागे बांधते, दोन्ही कान उघडे दिसतील असे. तिला कोणी तसं सांगितलेलं नाही.