चाकाची गिरकी आणि माझी अत्तम्मा

माझ्या कपाळावर सुताची भरलेली कांडी फेकून मारणारी बाई आज पहाटे गेली.

माझी सासू. नरसम्मा.

सत्तरचं दशक. सोलापूर, भवानी पेठ.
मी सेकंड इयरला कॉलेज सोडलेलं. डोक्यात राग आणि पद्मा, तिसरं काही नाही.

पद्माचं लग्न दुसरीकडे ठरतंय असं कळलं आणि मी सरळ तिच्या घरात घुसलो.

तिची आई चरख्यावर कांडी भरत बसलेली. आत वडिलांचा माग खटखटत होता. पद्मा भिंतीला टेकून, पांढरीफटक.

"अत्तम्मा, पद्मा मला द्या."

लग्नाचा पत्ता नाही आणि थेट सासूबाई!

आतला माग थांबला.

पद्माची आई म्हणाली, "कॉलेज सोडलास. काम नाही. आमच्यातला नाहीस. वर अत्तम्मा?"

मी पेटलो.
"आमच्यातला तुमच्यातला काय लावलंय? चाक फिरलं की तुम्ही तेलुगूत गिरगिरा म्हणता. आम्ही गरगर म्हणतो, गिरकी म्हणतो. सगळे शब्द ह्या चाकाच्या आवाजातनंच आलेत. ऐका की! चाकाला जात हाय का?"

"चाकाला नाही. माझ्या पोरीला आहे!"

आणि कांडी आली.

भुवईवर रक्त. पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. सूत सुटून उंबऱ्यापर्यंत गेलं होतं, आणि विणकराच्या घरात सूत पायाखाली येऊ देत नाहीत.

मी ते गोळा केलं. कांडी परत चरख्यावर चढवली. तिच्यासमोरच बसून चाक फिरवायला लागलो.

तट्. सूत तुटलं. टोक कांडीत गुंडाळून गायब.
मी अजून जोरात फिरवलं.

"अरे गाढवा, थांब! एक गिरकी मागं घे. मग टोक सापडतं."

गिरकी.
घरात कायम गिरगिरा म्हणणारी बाई गिरकी म्हणाली. पद्मानं मान वर केली.

मागं घेतलं. टोक सापडलं. गाठ मारली.

आत माग परत सुरू झाला.

होकार असा तिनं कधी दिलाच नाही. एवढंच म्हणाली,
"उद्या ये. कांडी अर्धीच झालीय."

पुढं जावई झालो, तरी निघताना 'येतो' म्हटलं की तेच. "उद्या ये."

आज पद्मा आईच्या उशाशी बसलीय. मी बाहेर पायरीवर.

अत्तम्मा, आज तुम्ही निघालात, आणि उद्या या म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नमस्कार करतो.