तिसऱ्यांदा विचारायच्या आत

मस्तुराने नोकरीसाठी अर्ज केलाय ही बातमी उझबेकिस्तानातल्या मार्गिलानच्या त्या गल्लीत सकाळच्या गरम नानच्याही आधी घरोघर पोचली. एक्कावन्नाव्या वर्षी! रेशीम गिरणीपलीकडे चाळीस खोल्यांचं नवं हॉटेल उभं राहिलं होतं, आणि पाहुण्यांची सरबराई बघायला त्यांना एक अनुभवी बाई हवी होती. मस्तुराच्या भाचीने, हुल्करने, मोबाइलवरूनच अर्ज भरून टाकला. आठवड्याभरात ताश्कंदहून निरोप आला: मंगळवारी अकरा वाजता आमचा माणूस फोन करेल, थोडं बोलू.

झालं! मंगळवारी दहा वाजल्यापासून द्राक्षाच्या मांडवाखालच्या बाजेवर हुल्कर मास्तरीण होऊन बसली. ती बँकेत लागण्याआधी असे चार फोन झेलून बसली होती, त्यामुळे अधिकार तिचाच.

"आत्या, ही मुलाखत नाही हं. मुलाखतीला बोलवायचं की नाही, एवढंच ठरवायचा हा फोन. पंधरा-वीस मिनिटं. अर्जातली बाई खरी आहे का, धड बोलते का, कधीपासून येईल, पगार किती मागेल, बस्स!"

"खरी आहे का म्हणजे?" शेजारची करोमत चुलीपाशी गाजरं चिरत होती, तिथून ती ओरडली. "भुतंसुद्धा अर्ज करायला लागली की काय?"

"करोमत मावशी, तुम्ही फोन चालू असताना तोंड उघडायचं नाही. आणि तो तुमचा कोंबडा टोपलीखाली घाला. आत्या, तू फक्त स्वतःबद्दल बोलायचं. 'मी केलं' म्हणायचं. 'देवाच्या कृपेने झालं', 'सगळ्यांनी मिळून केलं', असलं काही नको."

"अगं, पण लाज वाटते."

"लाज वाटू दे. म्हण, मी केलं."

"मी केलं," मस्तुरा पुटपुटली आणि पदराआड हसावं तशी रुमालाआड हसली.

आता हिने काय काय केलं होतं ते सांगायला बसलं तर संध्याकाळ होईल. बावीस वर्षं बालवाडीच्या स्वयंपाकघरात लापशी ढवळली. त्यातच सासूची आजारपणं काढली, दोन मुलींची लग्नं केली. आणि अठरा वर्षं गल्लीतल्या प्रत्येक लग्नाची, सुंतेची, पाळण्याच्या जेवणाची सगळी मांडामांड तिनेच सांभाळली. दारातल्या चपला बघून ती सांगायची, अजून दहा किलो तांदूळ भिजवा. कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, कोणाला मटण चावत नाही, सगळं तिच्या डोक्यात. पाहुणा पहिल्यांदा 'नको' म्हणतो, दुसऱ्यांदा 'कशाला उगाच' म्हणतो. मस्तुरा तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय हलायची नाही. म्हणून तर तिच्या हातच्या पंगतीतून कोणी उपाशी उठला नाही.

ती मात्र शेवटी उभ्याउभ्याच गार भात खायची. तिलाही कोणी तरी 'ओपा', म्हणजे ताई, अशी हाक मारून एकदा विचारायचं, "मस्तुरा ओपा, बसा ना." ती नको म्हणायची, आणि विचारणारा पुढे जायचा. झारा जिच्या हातात आहे तिला तिसऱ्यांदा कोण विचारतंय? बालवाडीच्या बाईंनी एकदा तिला मुख्य स्वयंपाकीण व्हायला सांगितलं, तेव्हाही ही म्हणाली, "नको हो, माझ्याहून मोठ्या आहेत." बाईंनी दुसरीला नेमलं. त्या रात्री मस्तुरा उशीत तोंड खुपसून रडली होती, आणि हे तिने आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं.

बरोबर अकराला फोन वाजला. करोमतच्या हातातून गाजर सुटलं.

"सलाम, मी जवोहिर बोलतोय. आता बोलायला वेळ आहे ना?"

"आहे बाळा, आहे! तू बरा आहेस ना? घरची मंडळी बरी? ताश्कंदला उकडतंय का फार?"

हुल्करने डोळे वटारले. पोरगा बिचारा हसला, उत्तरं दिली, आणि मुद्द्यावर आला. मग काय विचारता! हॉटेलात का यायचंय? "पाहुणे आले की माझ्या अंगात बळ येतं." अनुभव काय? "चारशे माणसांच्या पंगती मी उठवल्यात. मी!" हुल्करने मूठ हवेत उडवली. पगार? मस्तुरा अडखळली, हुल्करने तिच्या पायावर पाय दिला. "पंचेचाळीस लाख सोम," मस्तुरा एका दमात म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. पलीकडून शांतपणे आवाज आला, "ठीक आहे, लिहून घेतो."

"आणि एखादा पाहुणा काहीच नको म्हणाला तर?"

"पुन्हा विचारायचं, बाळा. तिसऱ्यांदा माणूस खरं बोलतो."

"वा! मग आम्ही गाडी पाठवतो, गुरुवारी दहाला आमच्या व्यवस्थापकांना भेटायला हॉटेलवर याल का?"

आणि मस्तुराच्या तोंडून, अठरा वर्षांच्या सवयीने, निघून गेलं, "नको, नको! कशाला उगाच त्रास तुम्हाला!"

पलीकडे पेन कागदावर खरडलं. "बरं... जशी तुमची इच्छा. वेळ दिल्याबद्दल आभार."

ती फोन कानाला लावून तशीच बसली. दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होती.

"आत्या! ठेवला त्याने!"

"ठेवला? पण त्याने एकदाच विचारलं."

"ताश्कंदवाले एकदाच विचारतात!" हुल्कर रडकुंडीला आली. करोमतने कपाळावर हात मारला. "अगं बाई! ओपा, हातातला घास टाकलात!"

मस्तुराला एकदम ती उशी आठवली. परत नाही, तिने मनाशी म्हटलं, आणि तोच नंबर लावला. व्यस्त. पुन्हा लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. हुल्कर म्हणाली, "आत्या, राहू दे, बरं दिसत नाही." मस्तुराने तिसऱ्यांदा लावला.

"बाळा, मी मस्तुरा. मघाशी नको म्हणाले ना, ते काही खरं नको नव्हतं. पहिलं होतं."

तो पोरगा इतक्या मोठ्याने हसला की करोमतलाही चुलीपाशी ऐकू गेलं.

"मावशी, मी तुमच्या शेजारच्याच नामंगानचा. माझी आजी चहालासुद्धा तीनदा नको म्हणते! तुम्ही दोन मिनिटांपूर्वी मला तेच शिकवलंत, आणि माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी तर कागदावर 'नकार' लिहून बसलो होतो. बरं, आता परत विचारतो. गुरुवारी..."

"येते!"

"वेळ तरी ऐका!"

"दहा. येते. गाडीही पाठव!"

हुल्करने आत्याला उचलायचा प्रयत्न केला, दोघी बाजेवर कोलमडल्या. टोपलीखालून कोंबडा आरवला आणि त्याला कोणी गप्प केलं नाही. नोकरी अजून मिळाली नव्हती, फक्त भेटीचं बोलावणं होतं; पण अंगणात जणू लग्न ठरलं होतं.

फोनचं काही होवो, माणसं जेवणार तर आहेतच, म्हणून करोमतने सकाळीच पुलावाची कढई चढवली होती. आता तिने ताट भरलं, वर मांसाचा मोठा तुकडा ठेवला आणि वाफाळतं ताट मस्तुरापुढे धरलं.

"ओपा, आधी तुम्ही."

"नको गं, आधी तुम्ही सगळे..." मस्तुरा म्हणाली, आणि मध्येच थांबली. तिने करोमतकडे बघितलं. मग बाजेवर नीट मांडी घातली आणि दोन्ही हात पुढे केले.

"आण इकडे."

तिने पहिला घास गरम गरम, बसून खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं ते तिने पुसलं नाही.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.