बुधवारचे आकडे

कृष्णकांत सबनीस चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीतल्या एका कारखान्यात वीस वर्षं क्वालिटी विभागात होते. कशाचाही तक्ता करायची त्यांना सवय. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, दुखणं किती आहे ते रोज तीनदा, शून्य ते दहामध्ये, लिहून ठेवा. त्याचीही त्यांनी एक्सेल फाईल केली. शेवटचा रकाना शेऱ्याचा. 'विद्युने टोमॅटोचं सार केलं. दोन वाट्या प्यायलो.' असं काहीबाही त्यात असायचं.

पुढे त्यांना घराबाहेर नेणं जमेना. मग दर गुरुवारी त्यांच्या पत्नी विद्युलताबाई तक्त्याची प्रिंट घेऊन पेरुंगुडीच्या घरून एकट्याच हॉस्पिटलात जायच्या. डॉक्टर आकडे बघायचे. "तीन, चार, तीन. छान. मॉर्फिन आहे तेवढंच ठेवू."

मार्चमध्ये कृष्णकांत गेले.

जूनमध्ये शाळा उघडली. विद्युलताबाई गणित शिकवायच्या. नववीच्या चाचणीचे गुण भरायला त्यांनी नवऱ्याचीच फाईल उघडली, रकाने आयते आखलेले होते म्हणून. आतला मजकूर पुसला, गुण भरले आणि नाव न बदलताच सेव्ह केलं. दुसऱ्या दिवशी शाळेत ते लक्षात आलं. मधल्या सुट्टीत त्या कॉम्प्युटरचे शिक्षक वादिराज यांच्याकडे धावल्या. ते तंजावरकडचे, मराठी बोलायचे.

"घाबरू नका मॅडम. फाईल ऑनलाइन आहे. जुनी व्हर्जन्स सापडतील."

तारखांची यादी उघडली. रोज संध्याकाळची एक नोंद, आणि दर गुरुवारी सकाळची आणखी एक. वादिराजनी सहज एका बुधवारावर क्लिक केलं.

आठ. नऊ. नऊ.

"ही दुसरी फाईल आहे का, सर?"

"नाही, हीच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आकडे बदललेत."

बाईंनी शेऱ्याचा रकाना वाचला. 'रात्रभर डोळा नाही. हे विद्युला दिसायला नको. मागे सात वाचलं त्या दिवशी ती जेवली नाही.' गुरुवारच्या नोंदीत त्याच जागी होतं, 'झोप बरी.'

त्यांनी सगळे बुधवार उघडायला लावले. सतरा होते. वादिराज मान खाली घालून क्लिक करत राहिले.

कॉरिडॉरमध्ये येऊन बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. "नऊ लिहिलेलं असतं, तर तुम्ही डोस वाढवला असता?"

"अर्थात. लगेच. का हो?"

"काही नाही," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग जिन्यात बसून, तोंडात पदर कोंबून त्या रडल्या. सतरा वेळा ते कागद त्यांनीच नेऊन दिले होते. 'छान' ऐकून दर वेळी जरा निर्धास्त होऊन त्या घरी आल्या होत्या, आणि वाट बघत पडलेला माणूस विचारायचा, "काय म्हणाले?"

संध्याकाळी पुण्याहून लेकीचा, रुचाचा, फोन आला. "आई, बाबांची ती फाईल पाठवशील? त्यांचं लिहिलेलं वाचावंसं वाटतंय."

बाईंनी गुरुवारची प्रत पाठवली. थोड्या वेळाने पुन्हा फोन वाजला. रुचा रडत होती.

"शेवटी फार दुखत नव्हतं ना गं त्यांना?"

"नाही गं," विद्युलताबाई म्हणाल्या. "आकडे आहेत ना तुझ्यासमोर."