चार पदरांचा नेफा

सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. दोरीवरचा एकुलता एक शर्ट कुणाशी तरी भांडण काढल्यासारखा फडफडत होता. फिटरकाकांनी त्याला आणखी दोन चिमटे लावले, लादीचं फडकं पिळून कठड्यावर टाकलं आणि आत येऊन आरामखुर्चीच्या नुसत्या सांगाड्याकडे बघत उभे राहिले.

काल दुपारी खुर्चीचं कापड टर्रकन फाटलं आणि काका पेपरासकट जमिनीवर आदळले. लागलं काही नाही. पडल्यापडल्या ते मोठ्यानं हसले, आणि मग हसू आपोआप थांबलं. बायको असती तर आठवडाभर पोट धरून हसली असती, वर गल्लीत तीन घरी सांगून आली असती. तिला जाऊन सात महिने झाले होते.

जाड कॅनव्हास घेऊन ते खालच्या शिंप्याकडे गेले. "घरच्या मशीनवर होईल का रे हे?"

शिंप्यानं कापड चिमटीत धरलं. "काकूंचं मशीन फ्रॉक-परकरांचं, काका. दांडी घालायचा नेफा म्हणजे दुमडून चार पदर. सुई मोडेल, नाहीतर मशीनच बसेल. टाका माझ्याकडे, आठवड्यात देतो."

"आठवडाभर मी काय उभा राहू?"

"पलंग विकलात की काय?"

काका कापड काखोटीला मारून वर आले. खरं तर प्रश्न बसण्याचा नव्हताच. सात महिने झाकून पडलेलं मशीन उघडायला त्यांना निमित्त हवं होतं. आणि भीतीही त्याचीच. तिनं जन्मभर त्यांना मशीनला हात लावू दिला नव्हता. "पान्याचे हात तुमचे, लांब ठेवा," म्हणायची. आता त्याच हातांनी ते मोडलं, तर?

झाकण काढलं. आतल्या बॉबीनवर तिनं भरलेला पिवळा दोरा अर्धा शिल्लक होता. ती बॉबीन त्यांनी खिशात ठेवली, दुसरीवर जाड दोरा भरला, जाड सुई लावली आणि पाय मारायला लागले. कडेची शिवण सुरेख गेली. नेफ्यापाशी मशीन अडलं. चाळीस वर्षं पंपहाऊसात काढलेल्या माणसाला अडलेल्या गोष्टीवर एकच उपाय ठाऊक: आवळा आणि जोर लावा. ताणाचा स्क्रू आवळला, दोरा तुटला. जोर लावला, सुई मोडली. दुसरी सुईही मोडली, खट्ट झालं आणि चाक जागच्या जागी घट्ट बसलं.

काकांनी दोन्ही हात मशीनवरून उचलले. "चुकलो गं," ते मशीनला म्हणाले.

तिसरी सुई शोधायला खण ओढला, तर आत साबणाचा वाळका तुकडा, एका कडेनं झिजलेला. साबण इथं कशाला, असं त्यांनी एकदा विचारलं होतं. "तुमच्या कामावरच्या पँटींसाठी," ती म्हणाली होती. पुढं त्यांनी विचारलंच नाही. त्या जाडजूड पँटी तिनं याच मशीनवर शिवल्या होत्या आणि हे समोर पेपर वाचत बसले होते. पेपराच्या वरून जेवढं दिसलं, तेवढं आता आठवलं. त्यांचीच हातोडी घेऊन ती शिवण चपटी करायची, सुई सरकावी म्हणून साबण घासायची आणि चाक हातानं फिरवायची.

शटलमध्ये अडकलेला दोऱ्याचा गुंता त्यांनी चिमट्यानं ओढून काढला. चाक हललं. काकांचा जीव भांड्यात पडला. स्क्रू सैल केला, खणातली तिसरी सुई लावली, नेफा ठोकला, साबण फिरवला. मग हातानं, एकेक टाका. सुई कुरकुरत आत जायची, कुरकुरत वर यायची. एका नेफ्याला पाऊण तास लागला, दुसऱ्याला थोडा कमी.

खालून शिंप्यानं हाक दिली, "काय काका, मोडली का?"

"दोन सुया!" काका खिडकीतून ओरडले. "मशीन शाबूत आहे!"

"मग जिंकलात!" म्हणत तो गिऱ्हाइकाकडे वळलासुद्धा.

कापड दांड्यांवर चढवून काका खुर्चीत बसले. आधी बेतानं, मग सगळा भार टाकून. टाके वाकडेतिकडे होते, पण धरून होते. समोर मशीन. त्या टाक्यांवरून ती काय काय बोलली असती! ते ऐकून घ्यायचं राहिलंय असे काका मागे टेकले.

मग उठून पिवळ्या दोऱ्याची बॉबीन पुन्हा जागेवर बसवली. झाकण मात्र घातलं नाही. बाहेर शर्ट कडक वाळला होता. चिमटे एकेक करून डब्यात टाकत त्यांनी तो काढला आणि घडी घालायला घेतला.